टोटल लॉसनंतरची स्पोर्ट मोटारसायकल

अपघातात सापडलेली मोटारसायकल उचलून आणण्याचा आणि दुरुस्त करण्याचा एकूण खर्च तिच्या विमा-मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक ठरला, तर भारतातील मोटार विम्याच्या नियमांप्रमाणे ती गाडी दुरुस्तीयोग्य मानली जात नाही. विमा कंपनी दुरुस्तीऐवजी गाडीचे मूल्यच चुकते करते आणि दावा ‘टोटल लॉस’ म्हणून निकाली निघतो. विमा-मूल्य म्हणजे पॉलिसीवर आयडीव्ही या नावाने छापलेली रक्कम. ती काढण्याची रीत ठरलेली आहे: पॉलिसी सुरू होताना त्या मॉडेलची निर्मात्याने जाहीर केलेली जी विक्रीकिंमत असेल, तिच्यातून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा केला जातो. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के असा हा घसारा असून, त्यापुढचे मूल्य कंपनी आणि मालक यांनी परस्परसंमतीने ठरवायचे असते.

या हिशेबाचा परिणाम स्पोर्ट मोटारसायकलवर साध्या दुचाकीपेक्षा फार कठोर होतो, आणि नवी गाडी निवडण्यापूर्वी तो नीट समजून घेतला पाहिजे. दोन लाख रुपये किमतीच्या गाडीचे विमा-मूल्य तिच्या पाचव्या वर्षात एक लाखावर येते, म्हणजे दुरुस्तीचा अंदाज पंचाहत्तर हजारांवर गेला की ती गाडी निकालात निघते. मात्र तिच्या सुट्या भागांच्या किमती वयाबरोबर उतरत नाहीत, उलट बहुधा चढतात. त्यातच स्पोर्ट मोटारसायकलच्या इंजिनाला आणि पुढच्या भागाला फेअरिंग, म्हणजे वारा कापण्यासाठी बसवलेले प्लॅस्टिकचे कवच असते, आणि गाडी एका कुशीवर घसरली तरी त्या बाजूचे कवच, आरसा, ब्रेक किंवा क्लचची लिव्हर, पाय ठेवण्याची खुंटी आणि पुष्कळदा सायलेन्सरही एकदम बदलावा लागतो. धडक समोरून बसली तर दिव्यांचा संच, रेडिएटर, पुढचे फोर्क आणि चाक यांची भर पडते. उघड्या बांधणीची साधी मोटारसायकल तशाच घसरणीतून वाकलेले हँडल आणि फुटलेला इंडिकेटर घेऊन उठते. म्हणूनच टोटल लॉस ही दर वेळी भीषण अपघाताची खूण नसते; चार-पाच वर्षांच्या पूर्ण फेअरिंगवाल्या गाडीच्या बाबतीत ती पुष्कळदा निव्वळ हिशेबाची निष्पत्ती असते, आणि विम्याच्या पैशांतून तशीच जुनी गाडी पुन्हा घेणारा माणूस तोच हिशेब पुन्हा विकत घेत असतो.

हाती येणारी रक्कमही अपेक्षेहून कमी असते. आयडीव्हीमध्ये रस्ता कर, नोंदणी आणि विम्याचा हप्ता धरलेला नसतो, त्यामुळे शोरूमबाहेर पडताना मोजलेल्या पैशांपैकी एक मोठा वाटा परत येण्याचा मार्गच नसतो. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे नाव चढलेले असते आणि दाव्याचे पैसे आधी त्या कर्जाकडे जातात. कर्जाची बाकी आयडीव्हीपेक्षा मोठी असेल, तर गाडी गेल्यावरही उरलेले हप्ते मालकालाच भरावे लागतात. मोडकी गाडी मालकाने स्वतःकडे ठेवायची ठरवली तर तिची भंगार किंमत रकमेतून वजा होते. ती सवलत वाटली तरी सामान्य मालकाने तिच्या मोहात पडू नये, कारण फ्रेम वाकलेली मोटारसायकल गावच्या गॅरेजमध्ये सरळ करून पुन्हा रस्त्यावर आणणे हा जिवाशी खेळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे नष्ट झालेल्या किंवा कायमच्या निकामी झालेल्या वाहनाची खबर मालकाने १४ दिवसांच्या आत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्याला द्यावयाची असते आणि वाहनाची नोंदणी रद्द करून घ्यावयाची असते. हे काम बहुतेक जण लांबणीवर टाकतात. पण भंगारात गेलेल्या गाडीची जिवंत आरसी आणि तिचा चासी क्रमांक चोरीच्या गाडीला चिकटवता येतो, आणि मग पोलिसांचा पहिला प्रश्न मूळ मालकाला येतो.

गाडी कोणती घ्यावी हे ती कोठे चालणार यावर ठरते, आणि या दृष्टीने गोव्यातील केरी हे नाव मोठे बोलके आहे, कारण या नावाची गावे गोव्यात एकाहून अधिक आहेत आणि त्यांतील दोन गावांच्या गरजा एकमेकींपासून फार दूर आहेत. पेडणे तालुक्यातील केरी हे तेरेखोल नदीच्या मुखाशी, समुद्राला लागून वसलेले गाव असून तेथून फेरीबोटीने पलीकडच्या तेरेखोलला जाता येते. येथे मोटारसायकलचा पहिला शत्रू खारा वारा आहे: तो साखळी, बोल्ट, ब्रेकची तबकडी आणि रेडिएटरच्या नाजूक पट्ट्या खातो, त्यामुळे फेअरिंगआड दडलेल्या भागांपर्यंत पाणी आणि हात पोहोचू शकतील अशी रचना शोधणे आणि गाडी वरचेवर गोड्या पाण्याने धुणे, दोन्ही आवश्यक ठरते. हरमल, मांद्रे, मोरजी या बाजूचा रस्ता अरुंद, वळणांचा आणि पर्यटकांच्या भाड्याच्या दुचाकींनी गजबजलेला असतो. फेरीबोटीचा धक्का ओला आणि उतरणीचा असतो. खाली बसवलेल्या क्लिप-ऑन हँडलांची, म्हणजे फोर्कच्या नळ्यांनाच जोडलेल्या आखूड दांड्यांची गाडी अशा जागी अडते, कारण तिचे हँडल थोडेच वळते आणि चालकाच्या शरीराचा भार मनगटांवर येतो. रोजचा प्रवास हरमल ते म्हापसा एवढाच असेल तर उंच हँडलाची, अर्ध्या फेअरिंगची किंवा उघडी गाडी त्याच इंजिनासह घेणे हा तडजोडीचा नव्हे, तर शहाणपणाचा पर्याय मानावा.

सत्तरीतील केरी अंजुणे धरणाजवळ, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी आहे, आणि डिचोली-साखळीकडून बेळगावला जाणारे मोटारसायकलस्वार याच वाटेने चढतात. येथे स्पोर्ट मोटारसायकलच्या गुणांना खरे काम मिळते. पावसाळ्यात घाटावर धुके उतरते, वळणांवर पाला आणि मातीचा राडा येतो, आणि उतारावर घाईने खालचा गिअर टाकला तर मागचे चाक अडून सरकू शकते. स्लिपर क्लच नावाची योजना अशा वेळी इंजिनाचा उलटा झटका थोडा सोडून देते. ट्रॅक्शन कंट्रोल मागचे चाक घसरू लागल्याचे ओळखून इंजिनाची ताकद कमी करतो. एबीएस ब्रेक दाबल्यावर चाक जखडू देत नाही. तो १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचा झाला असला, तरी फक्त पुढच्या चाकापुरता एबीएस असलेल्या गाड्याही नियमात बसतात. टोटल लॉस ब्रेक लावताना घसरून झाला असेल, तर नवी गाडी दोन्ही चाकांना एबीएस असलेलीच असावी. या बाबतीत पैसे वाचवू नयेत.

विम्याचे पैसे आले की एक पायरी वर चढण्याचा मोह होतो, आणि विक्रेतेही तो वाढवतात. यामाहा आर१५ चे १५५ सीसीचे इंजिन १८.४ पीएस ताकद देते आणि गाडीचे वजन सुमारे १४१ किलो आहे. एप्रिलिया आरएस ४५७ ची ताकद ४७.६ पीएस आणि इंधनासह वजन १७५ किलो आहे. म्हणजे दर किलोमागची ताकद दुपटीहून अधिक होते, आणि नुकताच अपघातातून उठलेला चालक ती गाडी पहिल्याच दिवशी आर१५ च्या सवयीने हाताळणार असतो. या उडीला बाजाराने किंमतही लावली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा त्रयस्थ विमा १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये आणि त्यापुढच्या इंजिनासाठी १५,११७ रुपये होता. टीव्हीएस अपाचे आरआर ३१० किंवा कावासाकी निंजा ३०० या गाड्या ३५० सीसीच्या सीमेच्या अलीकडे राहतात, केटीएम आरसी ३९० आणि आरएस ४५७ पलीकडे जातात. त्यातही गाडी कोठे बनते हा प्रश्न दुरुस्तीच्या दृष्टीने मोलाचा आहे: आरसी ३९० चाकणला आणि आरएस ४५७ बारामतीला तयार होते, तर परदेशातून आयात होणाऱ्या मोठ्या गाडीचे फेअरिंगचे एक पान महिनोन्‌महिने वाट पाहायला लावू शकते, आणि त्या काळात गाडी गॅरेजमध्ये धूळ खात उभी राहते. पसंत पडलेल्या गाडीच्या एका बाजूच्या फेअरिंगची, दिव्यांच्या संचाची आणि एका फोर्कची किंमत विक्रेत्याकडून आधी लिहून घ्यावी. तिची आयडीव्हीशी तुलना केली की पुढचा टोटल लॉस किती दूर आहे हे तेथेच दिसते.

जुनी गाडी घेणाऱ्याला गोव्यात दोन खास अडचणी येतात. गोव्यात भाड्याने दिल्या जाणाऱ्या दुचाकींची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. अशी गाडी खासगी नोंदणीवर आणून विकली जात असेल, तर तिने अनेक अनोळखी हातांखाली दिवस काढलेले असतात हे लक्षात ठेवावे. दुसरी अडचण सीमेची आहे. सातार्डा किंवा बांद्याकडून एमएच-०७ ची, बेळगावकडून केए-२२ ची गाडी स्वस्त मिळते. पण दुसऱ्या राज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ गोव्यात ठेवायची तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि गोव्याचा रस्ता कर हे सारे येते. वाहन पोर्टलवर नोंदणी, विमा आणि कर्जाची स्थिती पाहावी, आणि प्रत्यक्ष गाडीत दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, हँडल सरळ धरल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, फ्रेमच्या पुढच्या टोकाशी नव्या वेल्डिंगची किंवा रंगाची खूण आहे का, हे जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

नव्या गाडीचा विमा घेताना हाच हिशेब उलट्या दिशेने मांडावा. नियमित पॉलिसीत दुरुस्तीच्या वेळी प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि फेअरिंग प्लॅस्टिकचेच असल्याने शून्य-घसारा जोड स्पोर्ट मोटारसायकलसाठी बहुधा हप्त्याच्या पैशांत बसते. रिटर्न टू इन्व्हॉइस या जोडीने टोटल लॉसमध्ये आयडीव्हीऐवजी खरेदीच्या पावतीच्या जवळपासची रक्कम मिळू शकते, परंतु कंपन्या ती साधारणपणे गाडीच्या पहिल्या काही वर्षांपुरतीच देतात, त्यामुळे मूळ पावती सांभाळून ठेवणे आणि नूतनीकरणाच्या वेळी ही जोड पॉलिसीत राहिली आहे का हे पाहणे मालकाचे काम ठरते. दावा घेतल्यामुळे नो-क्लेम बोनस गेलेला असतो आणि हप्ता चढलेला वाटतो. तो उतरवण्यासाठी आयडीव्ही कमी लिहून घेण्याचा सल्ला एजंट देतात, तो मानू नये. आवाजाचा सायलेन्सर किंवा बदललेली हेडलाइट कंपनीला कळवल्याशिवाय बसवली तर दाव्यात वाद उभा राहतो, आणि शर्यतीत किंवा वेगाच्या चाचणीत झालेले नुकसान पॉलिसीत बसत नाही.