डॉक्टर यशवंतराव फुले

गाठीच्या तापाचे नाव आपण ऐकले असेल. त्यालाच प्लेग म्हणतात. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक घराला कुलूप लावीत आणि शेतात, माळावर झोपड्या घालून राहत. आपल्या खानदेशातही हा रोग आला होता. आपले देवपूर पांझरेच्या काठी, पुणे तिकडे मुळा-मुठेच्या काठी. पण रोगाला वाट लागत नाही. धान्याच्या पोत्यात उंदीर शिरला की त्याच्याबरोबर तोही गावोगाव जातो.

या रोगाशी झुंजलेल्या पुण्याच्या एका डॉक्टरची ही हकिगत. त्यांचे नाव यशवंतराव. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे ते दत्तक पुत्र.

त्या काळी ब्राह्मण घरातल्या विधवेचे पुन्हा लग्न होत नसे. तिला दिवस गेले तर तिच्यापुढे विहिरीशिवाय दुसरा रस्ता उरत नसे. अशा बायांसाठी जोतीरावांनी 1863 साली आपल्या घरातच सोय केली. इथे या, बाळंत व्हा, मूल न्यायचे तर न्या, नाही तर इथेच ठेवा, असे त्यांनी जाहीर केले. काशीबाई नावाची एक विधवा तिथे आली. 1874 साली तिला मुलगा झाला. जोतीरावांना मूल नव्हते. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी तो पदरात घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले.

मुलगा घरात आला, पण भाऊबंदांच्या मनात आला नाही! जोतीरावांनी मात्र 1887 साली मृत्युपत्र करून यशवंतला वारस नेमले. त्यातही एक अट घातली बरं का. मुलगा शिकला नाही, उनाड निघाला, तर मिळकत त्याला न देता दुसऱ्या लायक मुलाला द्यावी. लेकरावर माया खूप, पण फुकटचे काही द्यायचे नाही, असा बाप होता तो.

1889 च्या फेब्रुवारीत यशवंतचे लग्न झाले. हडपसरच्या ससाण्यांची मुलगी राधा ही नवरी. लग्न सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे भटजीशिवाय लागले. पुढच्याच वर्षी, 28 नोव्हेंबर 1890 रोजी, जोतीराव वारले. आजारपणात पैसा संपला होता. प्रेतयात्रेत टिटवे कोणी धरायचे, यावरून भाऊबंदांनी वाद काढला. दत्तक मुलाचा हक्क त्यांना मान्य नव्हता. मुलगा सोळा वर्षांचा. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे हातात घेतले. बाईने टिटवे धरायचे, ही गोष्ट आजही किती घरांत चालेल?

त्यानंतर आईने मुलाला शिकवले. तो डॉक्टर झाला. लष्करात नोकरी लागली. बापाची अट पुरी झाली, पण ते पाहायला बाप नव्हता. राधाही लवकरच, 1895 साली गेली.

1896 च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला आणि थोड्याच दिवसांत पुण्यात शिरला. काखेत किंवा जांघेत गाठ उठे, ताप चढे, आणि पुष्कळ रोगी आठवड्याच्या आत दगावत. या रोगाचे जंतू 1894 साली सापडले होते. पण उंदराच्या अंगावरची पिसू चावून तो माणसाला होतो, हे 1898 नंतर हळूहळू कळले. म्हणजे 1897 साली खुद्द डॉक्टरलाही शत्रू कुठून येतो ते ठाऊक नव्हते. आज वेळेवर औषध मिळाले तर रोगी बरा होतो. तेव्हा तसे औषधच नव्हते. रोग्याला पाणी द्यावे, धीर द्यावा, स्वच्छता राखावी, एवढेच हाती. त्यात सरकारने रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे शिपाई घरोघर झडतीला पाठवले. लोक इतके भ्याले की आजारी माणसाला लपवून ठेवू लागले.

अशा वेळी यशवंतराव रजा काढून घरी आले. वय तेविसाच्या आसपास. पुण्याबाहेर हडपसरजवळ, ससाण्यांच्या माळावर, त्यांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सासरची बायको राहिली नव्हती, नाते मात्र राहिले होते. लेक औषधोपचार करी आणि म्हातारी आई रोगी गोळा करून आणी. त्यांच्याकडे जातपात विचारीत नसत.

मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला, पांडुरंगला, गाठ आल्याचे कळले. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. पोरगा वाचला. पण सावित्रीबाईंना प्लेग झाला. 10 मार्च 1897 रोजी रात्री त्या गेल्या, आपल्याच मुलाच्या उपचाराखाली. ज्या रोगावर तो दुसऱ्यांना औषध देत होता, त्याच रोगातून त्याला आईला वाचवता आले नाही.

दवाखाना काढायचे त्याने ठरवलेच नसते तर? असे त्यांच्या मनात आलेही असेल. मुलाचे मन आहे. पण पुढे ते काय वागले ते पाहा. प्लेग काही एका सालात गेला नाही. तो पुनःपुन्हा येत राहिला. यशवंतराव पुन्हा रोग्यांच्या उशाशी बसले. आई गेल्यानंतर आठ-नऊ वर्षांत, प्लेगच्या रोग्यांवर उपचार करता करता, त्यांनाही तोच रोग झाला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांनी जेमतेम तिशी ओलांडली होती.