वाहनदुरुस्तीतील सेवात्रुटी

वाहनदुरुस्तीतील सेवात्रुटी म्हणजे मोटार, जीप, दुचाकी किंवा अन्य वाहनाची दुरुस्ती करताना अथवा त्यात सुटा भाग बसवताना कामाच्या गुणवत्तेत, पद्धतीत किंवा पूर्णतेत राहिलेली उणीव होय. भारतात अशा तक्रारींचे निवारण प्रामुख्याने ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये होते. वाहन बनवणाऱ्या कंपनीच्या भागाऐवजी खुल्या बाजारातील अन्य उत्पादकाचा भाग बसवला असेल, तर बिघाड भागातील दोषामुळे झाला, जोडणीतील चुकीमुळे झाला की वाहनात आधीच होता, हा वादाचा मुख्य मुद्दा ठरतो. त्याचे उत्तर देणारा पुरावा बहुधा दुरुस्तीच्या दिवशीच आणि बिघाडानंतरच्या पहिल्या काही दिवसांत तयार होतो किंवा नष्ट होतो. त्यामुळे बिल, बदललेला जुना भाग आणि लेखी तक्रार यांना या विषयात विशेष महत्त्व आहे.

संज्ञा आणि सुट्या भागांचे प्रकार

वाहनांचे सुटे भाग स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात. वाहननिर्मात्या कंपनीच्या नावाने व वेष्टनात विकला जाणारा भाग बोलीभाषेत ‘कंपनीचा’ किंवा ‘ओरिजिनल’ म्हणून ओळखला जातो. स्वतंत्र उत्पादकाने स्वतःच्या नावाने बनवलेला व त्या वाहनाला बसणारा भाग ‘आफ्टरमार्केट’ भाग होय. बाजारात त्याला अनेकदा सरसकट ‘लोकल’ म्हटले जाते. तिसरा प्रकार बनावट किंवा ‘डुप्लिकेट’ भागांचा असून त्यांवर दुसऱ्याच्या नाममुद्रेची नक्कल केलेली असते.

आफ्टरमार्केट भाग विकणे वा बसवणे हे स्वतः बेकायदेशीर नाही आणि असा प्रत्येक भाग निकृष्टही नसतो. बनावट भाग मात्र ‘नकली माल’ या व्याख्येत येतो. अशा मालाची निर्मिती, साठवण किंवा विक्री यामुळे एखाद्यास इजा अथवा मृत्यू झाल्यास २०१९ च्या अधिनियमात कारावासाची तरतूद आहे.

दोषांचे स्वरूप

सुट्या भागाशी संबंधित बिघाडाची कारणे तीन ठिकाणी शोधली जातात.

भागातील दोष : धातूची प्रत, माप किंवा घडण सदोष असणे. कमी प्रतीच्या ब्रेक पॅडची लवकर होणारी झीज किंवा क्लच प्लेटचे अस्तर सुटणे ही याची उदाहरणे होत.

जोडणीतील दोष : भाग चांगला असूनही तो बसवताना चूक होणे. तेलाचा फिल्टर बदलताना जुने रबरी गॅस्केट इंजिनलाच चिकटून राहिले आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तर दोन गॅस्केटमधून तेल गळते व तेल संपल्यास इंजिन जाम होऊ शकते. ब्रेकच्या कामानंतर नळ्यांतील हवा पूर्ण न काढल्यास पेडल खोल जाते. जादा दिवे बसवताना रिले व फ्यूज न वापरता मूळ वायर कापून जोड दिल्यास वायरिंग तापून आग लागण्याचा धोका असतो. चाकाचे नट योग्य बळाने न आवळल्यास ते धावताना सैल होतात.

विसंगती : भाग आणि जोडणी दोन्ही निर्दोष असूनही भाग त्या वाहनासाठी योग्य नसणे. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवल्यास वेगमापक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. मूळ क्षमतेपेक्षा जास्त वीज ओढणारी उपकरणे बसवल्यास अल्टरनेटर व बॅटरीवर ताण येतो.

या वर्गीकरणावर जबाबदारी ठरते. भागातील दोषासाठी प्रथमतः उत्पादक व विक्रेता, तर जोडणीतील दोषासाठी गॅरेज उत्तरदायी असते. भाग सुचवणारा, विकणारा व बसवणारा एकच असल्यास विसंगतीची जबाबदारीही त्याच्याकडेच जाण्याची शक्यता अधिक असते. ग्राहकाने भाग स्वतः आणून दिला असेल, तर गॅरेजची जबाबदारी सामान्यतः जोडणीपुरती मर्यादित राहते.

कायदेशीर चौकट

ग्राहक संरक्षण अधिनियम

भारतातील पहिला ग्राहक संरक्षण अधिनियम १९८६ साली झाला. त्यापूर्वीच महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुणे येथे ग्राहक पंचायतीच्या चळवळीस प्रारंभ केला होता. १९८६ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०१९ च्या अधिनियमातील बहुतांश तरतुदी २० जुलै २०२० पासून लागू झाल्या.

या अधिनियमात मालातील उणिवेला ‘दोष’ आणि सेवेतील उणिवेला ‘त्रुटी’ अशा स्वतंत्र संज्ञा आहेत. गॅरेजने भाग विकून तो बसवलाही असेल, तर एकाच तक्रारीत दोन्ही मुद्दे मांडता येतात. पैसे घेऊनही बिल किंवा पावती न देणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ मानली जाते. सदोष माल बिलात नमूद मुदतीत, आणि अशी मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच होय.

सदोष भागामुळे किंवा सदोष जोडणीमुळे एखाद्यास शारीरिक इजा झाली अथवा अन्य मालमत्तेचे नुकसान झाले, तर ‘उत्पादन दायित्वा’च्या तरतुदी लागू होतात. कलम ८५ सेवा देणाऱ्याचे, तर कलम ८६ विक्रेत्याचे दायित्व सांगते. भागाचा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर विक्रेत्यास जबाबदार धरता येते. वेष्टनावर नाव-पत्ता नसलेल्या भागांच्या बाबतीत ही तरतूद महत्त्वाची आहे. नुकसान होतेवेळी उत्पादनाचा गैरवापर झालेला असेल किंवा त्यात फेरफार केलेला असेल, तर मात्र विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा दावा करता येत नाही.

व्यापारी हेतूने माल वा सेवा घेणारी व्यक्ती ‘ग्राहक’ ठरत नाही. तथापि केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या व स्वतः वापरलेल्या मालास हा अपवाद लागत नाही. स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा, तसेच स्वतःचा ट्रक स्वतः चालवणारा मनुष्य ग्राहक ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्स प्रकरणात १९९५ मध्ये स्पष्ट केले.

अन्य कायदे

मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार, ग्राहकाने आपली गरज सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर तो माल त्या कामास योग्य असला पाहिजे, ही अट करारात गृहीत धरली जाते. ग्राहकाने विशिष्ट नाममुद्रेचाच भाग मागितला असेल, तर ही अट सहसा लागू होत नाही.

दुरुस्तीसाठी दिलेले वाहन भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार निक्षेप ठरते. सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी गॅरेजने त्या वाहनाची घ्यावी लागते. याच अधिनियमाच्या कलम १७० नुसार, विरुद्ध करार नसल्यास, ठरल्याप्रमाणे केलेल्या कुशल कामाचा मोबदला मिळेपर्यंत वाहन अडवून ठेवण्याचा अधिकार गॅरेजला असतो. त्यामुळे कामाविषयी वाद असतानाही वाहन तातडीने हवे असल्यास ‘हरकत राखून रक्कम देत आहे’ असे लिहून पैसे देणे व वाहन ताब्यात घेणे हा मार्ग वापरला जातो. अशा नोंदीमुळे पुढे तक्रार करण्याचा हक्क अबाधित राहण्यास मदत होते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा फेरफार वाहनात करता येत नाही. कलम १८२अ अन्वये परवानगीविना असा फेरफार करणाऱ्या वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पुढील बाजूस लावले जाणारे लोखंडी क्रॅश गार्ड कलम ५२ चे उल्लंघन करतात, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले. बेकायदेशीर भाग बसवून घेतलेल्या ग्राहकाची बाजू तक्रारीत कमकुवत होते आणि विम्याचा दावाही वादग्रस्त होऊ शकतो.

वॉरंटी आणि स्वतंत्र गॅरेज

बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून वाहनाची संपूर्ण वॉरंटी रद्द होते, असा समज रूढ आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटारउत्पादक कंपन्यांना सुट्या भागांच्या बाजारातील स्पर्धाविरोधी वर्तनाबद्दल एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजची सेवा घेतल्यास वॉरंटी सरसकट रद्द होईल अशी अट घालू नये, असा निर्देशही त्या आदेशात होता. या आदेशाला पुढे आव्हान देण्यात आले. बाहेर केलेल्या कामामुळेच एखादा भाग बिघडला असेल, तर त्या भागाची वॉरंटी नाकारण्याचा कंपनीचा हक्क त्यामुळे संपत नाही. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारवाहन क्षेत्राचा समावेश आहे.

पुरावा आणि तक्रारीची पद्धत

दुरुस्तीपूर्वी कामाचा अंदाज, भागाचे नाव व उत्पादक, किंमत आणि हमीची मुदत लिहून घेणे इष्ट असते. बिलात भागाची किंमत व मजुरी स्वतंत्र असल्यास दोष आणि त्रुटी यांचा हिशेब वेगळा करता येतो. बदललेला जुना भाग आणि नव्या भागाचे वेष्टन मागून घेतल्यास पुढे तुलना करता येते.

बिघाड आढळल्यावर वाहन चालवत राहिल्यास नुकसान वाढते आणि ते ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाले असा बचाव गॅरेजला मिळतो. म्हणून वाहन थांबवून छायाचित्रे घेणे, मीटरवरील किलोमीटरची नोंद करणे आणि त्याच दिवशी संदेशाद्वारे अथवा लेखी कळवणे उपयुक्त ठरते. दुसऱ्या मिस्त्रीकडून वाहन उघडून घेण्यापूर्वी मूळ गॅरेजला पाहणीची संधी देणे महत्त्वाचे आहे. तसे न केल्यास दोष दुसऱ्याच्या हाताने झाला, असे म्हणण्यास जागा राहते. गॅरेजने दाद न दिल्यास अधिकृत सेवा केंद्र किंवा जाणकार अभियंत्याकडून लेखी तपासणी अहवाल घेतला जातो. सदोष भाग मात्र ग्राहकाने स्वतःकडेच जपून ठेवावा लागतो.

यानंतर निश्चित मागणी व मुदत देणारी नोटीस पाठवली जाते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन दावापूर्व तडजोडीसाठी असून ती निकाल देत नाही.

तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. त्याविषयीच्या मुख्य तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

• मुदत : तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.
• अधिकारक्षेत्र : दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग.
• शुल्क : मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही.
• वकील : अनिवार्य नाही.
• चाचणी : चाचणीविना दोष ठरवता येत नसल्यास आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे शुल्क तक्रारदाराला भरावे लागते.
• निकाल : चाचणी आवश्यक नसल्यास तीन महिन्यांत आणि आवश्यक असल्यास पाच महिन्यांत देण्याचा प्रयत्न करावा, अशी तरतूद.
• अपील : ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे.

आयोग दोष दूर करणे, भाग बदलून देणे, रक्कम परत करणे, भरपाई व तक्रारीचा खर्च देणे असे आदेश देऊ शकतो. एका भागातील दोषासाठी संपूर्ण वाहन बदलून मिळेलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगाशी संबंधित प्रकरणात वाहन बदलून देण्याचा आदेश ग्राह्य न धरता सदोष भागाच्या दुरुस्तीपुरती जबाबदारी मान्य केली. आयोगाच्या आदेशाचे पालन न केल्यास एक महिना ते तीन वर्षे कारावास किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गडचिरोली जिल्ह्यातील स्थिती

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. या वनबहुल जिल्ह्यात दीर्घकाळ देसाईगंज (वडसा) हेच एक रेल्वेस्थानक राहिले आहे. त्यामुळे प्रवास आणि मालवाहतूक मुख्यतः रस्त्यानेच होते. गडचिरोली–आष्टी–आलापल्ली मार्गावरील चामोर्शी हे तालुक्याचे ठिकाण आहे. तालुक्यातील वैनगंगातीरीच्या मार्कंडा देवस्थानी महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. अशा प्रदेशात जीपगाडी, मालवाहू टेम्पो किंवा दुचाकी बंद पडणे म्हणजे अनेकदा रोजगारच बंद पडणे होय.

छोट्या गावांत मिस्त्री आणि ग्राहक एकमेकांच्या ओळखीचे असतात, व्यवहार तोंडी होतो आणि बिल मागणे अविश्वासाचे लक्षण समजले जाते. वाद निर्माण झाल्यावर या संकोचाचा तोटा ग्राहकाइतकाच मिस्त्रीलाही होतो. भाग ठोक विक्रेत्याकडूनच सदोष आला असेल, तर खरेदीच्या पावतीविना त्यालाही आपली बाजू सिद्ध करता येत नाही.

१९८६ च्या अधिनियमानुसार तक्रार सामान्यतः विरुद्ध पक्षाच्या ठिकाणी किंवा कारण घडले तेथे करावी लागे. २०१९ च्या अधिनियमाने तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणीही तक्रार करण्याची मुभा दिली. उदाहरणार्थ, चामोर्शीतील एखाद्या काळी-पिवळी जीपच्या चालक-मालकाने नागपूर किंवा चंद्रपूर येथे क्लच बसवून घेतला आणि तो सदोष निघाला, तर त्याला गडचिरोली येथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार ऑनलाइन दाखल करण्यासाठी सप्टेंबर २०२० मध्ये ‘ई-दाखिल’ ही प्रणाली सुरू झाली. १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ ही एकत्रित प्रणाली कार्यान्वित झाली. दूरदृश्य पद्धतीने सुनावणीसाठी अर्ज करण्याचीही तरतूद आहे. विदर्भातील अपिलांसाठी राज्य आयोगाचे नागपूर येथे परिक्रमा खंडपीठ आहे.

मर्यादा

ग्राहक आयोगाचा मार्ग निःशुल्क वा अल्पशुल्क असला, तरी चाचणी, तज्ज्ञ अहवाल आणि तारखांना लागणारा वेळ यांचा खर्च काही शे रुपयांच्या भागाच्या किमतीहून अधिक होऊ शकतो. कायद्यातील कालमर्यादा प्रत्यक्षात नेहमी पाळली जात नाही. दोष सिद्ध करण्याची प्राथमिक जबाबदारी तक्रारदारावर असल्याने केवळ ‘दुरुस्तीनंतर बिघाड झाला’ एवढे विधान पुरेसे नसते. तो बिघाड त्या दुरुस्तीमुळेच झाला, हे दाखवावे लागते. या कारणांमुळे लहान रकमेच्या वादांत लेखी नोंदीच्या आधारे दोन्ही पक्षांनी केलेली तडजोड हा अधिक व्यवहार्य पर्याय ठरतो. ब्रेक, स्टीअरिंग, वायरिंग आणि गॅस किट यांतील दोष मात्र प्रवाशांच्या व इतरांच्या जिवाशी निगडित असतात. अशा बाबतीत भरपाईच्या वादाचा निकाल काहीही लागला, तरी दोष दूर होईपर्यंत वाहन रस्त्यावर न आणणे आवश्यक असते.