सहा महिन्यांनंतरचा हात

'अंगावरून वारं गेलं' असं आपल्याकडे म्हणतात. वारं येतं, अंगावरून जातं आणि जाताना माणसाचा एक हात, एक पाय घेऊन जातं. माणसाने त्यात करण्यासारखं काही नाही, असाच त्या शब्दांचा रोख आहे. गेल्या तीस वर्षांत वैद्यकाने ही समजूत निम्मी तरी मोडून काढली. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या तीन तासांत दिलं तर अपंगत्व टळू शकतं, हे १९९५ साली अमेरिकेतल्या एका चाचणीने दाखवलं. २०१५मध्ये गुठळी नळीवाटे ओढून काढण्याच्या उपचाराचे पुरावे एकामागून एक आले. मोठी रक्तवाहिनी तुंबली आणि उपचार मिळाला नाही, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी २००६मध्ये मांडला आणि तो जगभर पोचला. पहिल्या काही तासांबद्दल त्यामुळे आज पुष्कळ बोललं जातं, आणि ते योग्यच आहे. पण रुग्ण वाचतो, घरी येतो, त्याचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो, आणि मग एक वाक्य कानावर पडतं: 'सहा महिन्यांत यायचं तेवढं येतं, पुढे फारशी आशा धरू नका.' या वाक्याच्या पहिल्या भागात एक खरं निरीक्षण आहे. दुसरा भाग त्यातून काढलेला चुकीचा निष्कर्ष आहे. हात कुठवर परत येणार याची मर्यादा आपण जखमी मेंदूवर ढकलतो. माझ्या मते पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत ती आपण देत असलेल्या सरावाची मर्यादा असते.

निरीक्षण जुनं आहे. थॉमस ट्विचेल यांनी १९५१मध्ये १२१ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. हात आधी लुळा असतो, मग ताठरतो, मग सगळी बोटं एकदम मिटतात, आणि नशीब असेल तर एकेक बोट सुटं हलू लागतं, हा क्रम त्यांनी लिहून ठेवला. पुढे सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी त्याच वाटेच्या पायऱ्या आखल्या आणि त्या आजही फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात शिकवल्या जातात. बहुतेक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, नंतर रेघ सपाट होत जाते, हे त्यानंतरच्या मोजमापांतही वारंवार दिसलं. प्रौढ मेंदूच्या वाटा कायमच्या ठरलेल्या असतात, हा रामोन इ काहाल यांच्यापासून चालत आलेला विचार त्या काळी सर्वमान्य होता. त्यामुळे सपाट रेघेचा अर्थ कुणी फारसा तपासला नाही. पण ती रेघ ज्या रुग्णांची होती त्यांना सराव किती मिळाला होता? दुष्काळी वर्षाचं पीक पाहून जमिनीचा कस ठरवावा, तसं ते झालं.

या अर्थाला पहिला धक्का बसला तो पक्षाघाताशी थेट संबंध नसलेल्या प्रयोगांतून. मॉट आणि शेरिंग्टन यांनी १८९५मध्ये माकडाच्या एका हाताकडून संवेदना आणणाऱ्या चेता कापल्या होत्या. हालचालीच्या चेता शाबूत होत्या, तरी माकडाने तो हात वापरणं सोडून दिलं. संवेदनेशिवाय हालचाल होत नाही, असा अर्थ त्यातून निघाला आणि अनेक दशकं टिकला. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली: चांगला हात बांधून टाकला. माकड 'निकामी' हाताने अन्न उचलू लागलं. टॉब यांनी लावलेला अर्थ असा की शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत हात खरोखरच चालत नाही. प्राणी धडपडतो, पडतो, अन्न निसटतं, आणि तो उरलेल्या अवयवांवर निभवायला शिकतो. पुढे क्षमता परत आली तरी सवय तशीच राहते. हात न वापरणं हीसुद्धा शिकलेली गोष्ट असते. या संशोधनावर एक गडद सावली आहे. मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथली टॉब यांची माकडं ज्या अवस्थेत सापडली त्यावरून १९८१मध्ये पोलिसांचा छापा पडला आणि खटला चालला. टॉब यांच्यावरचे आरोप शेवटी टिकले नाहीत, पण प्रयोगशाळेतल्या प्राण्यांविषयीचा अमेरिकी कायदा १९८५मध्ये कडक झाला, त्यामागे हे प्रकरण होतं. आज ज्या रुग्णाचा हात या ज्ञानामुळे चालतो, त्याच्यासाठी मोजलेली ही किंमत विसरू नये.

मेंदूच्या आत काय घडतं ते रँडॉल्फ न्यूडो यांच्या १९९६च्या प्रयोगाने दाखवलं. खारमाकडांच्या मेंदूत हाताच्या भागावर छोटीशी इजा केली. काही माकडांना नुसतं सोडून दिलं, तेव्हा इजेच्या भोवतीचा शाबूत भागही हाताचं काम सोडू लागला. हाताचा नकाशा आणखी आक्रसला. दुसऱ्या माकडांना रोज एका फळीतल्या लहान-लहान खळग्यांतून अन्नाच्या गोळ्या बोटांनी काढायला लावल्या. खळगा जितका अरुंद, तितकं बोटांचं काम नाजूक. त्यांच्या मेंदूत हाताचा प्रदेश टिकला, आणि काहींमध्ये तो पूर्वी कोपर आणि खांदा हलवणाऱ्या भागात पसरला. इजेने जे जातं ते जातंच. पण त्यापुढचं नुकसान न वापरल्यामुळे होतं, आणि ते टाळता येतं.

माणसांवरचा मोठा पुरावा २००६मध्ये आला. स्टीव्हन वुल्फ यांच्या नेतृत्वाखालच्या 'एक्साइट' चाचणीत पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण होते. निम्म्यांच्या चांगल्या हातात दोन आठवडे जाड मोजा घातला, जागेपणीच्या नव्वद टक्के वेळासाठी, आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास कामं करून घेतली. ठरावीक कामांपैकी एकेक करायला त्यांना सरासरी १९.३ सेकंद लागत होते, वर्षभराने ९.३ लागले. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात २४ सेकंदांचे १७.७ झाले. या दुसऱ्या गटाला वर्षभर थांबवून मग तोच उपचार दिला, तेव्हा त्यांचेही हात सुधारले. सहा महिन्यांची वेस त्यांनी कधीच ओलांडली होती.

आता नेहमीच्या उपचारात प्रत्यक्ष काय होतं ते पाहू. कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी उपचारकेंद्रांत बसून ३१२ सत्रांतल्या हालचाली एकेक करून मोजल्या आणि २००९मध्ये आकडे प्रसिद्ध केले. हाताच्या उपयुक्त हालचालींचा सराव ज्या सत्रांत झाला, तिथे एका सत्रातली सरासरी होती ३२. प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसले त्या प्रयोगांत एका दिवसाच्या हालचाली शेकड्यांनी मोजल्या जातात. पक्षाघातावरच्या साऱ्या वाङ्मयात मला हा आकडा सर्वांत बोलका वाटतो. बत्तीस वेळा पेला उचलून कुणी तबला शिकत नाही, सायकल शिकत नाही, लिहायला शिकत नाही. जखमी मेंदूला मात्र आपण तेवढं देतो, आणि रेघ सपाट झाली की दोष मेंदूला लावतो. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथे निक वॉर्ड यांच्या चमूने तीन आठवड्यांत नव्वद तासांचा सराव दिला, आणि २२४ रुग्णांचे निष्कर्ष २०१९मध्ये मांडले. यातल्या निम्म्या रुग्णांना पक्षाघात होऊन दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता, तरी हातांत ठळक सुधारणा झाली आणि ती सहा महिन्यांनंतरही टिकली. या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता, ही त्याची उणीव आहे. पण दीड वर्षानंतर हात आपोआप सुधारत नाहीत, हे तर 'सहा महिने' म्हणणाऱ्यांनाही मान्य असायला हवं.

पहिला आक्षेप असा: सुधारणा ही निसर्गाची करणी आहे, सराव निमित्तमात्र. २००८मध्ये मांडल्या गेलेल्या एका नियमानुसार हाताने जेवढं गमावलं त्याच्या सुमारे सत्तर टक्के बहुतेक रुग्ण परत मिळवतात, उपचार कसाही असो. हा नियम बरीच वर्षं दबदबा राखून होता. २०१९मध्ये दोन वेगळ्या गटांनी दाखवून दिलं की त्याची भक्कम आकडेवारी बऱ्याच अंशी गणिती भास होती, कारण सुरुवातीचा गुण समीकरणाच्या दोन्ही बाजूंना होता. तरीही आक्षेपात तथ्य आहे. इजेनंतर काही काळ मेंदू विशेष घडणशील असतो. अलेक्झांडर ड्रोमरिक यांच्या २०२१च्या चाचणीत ७२ रुग्णांना वीस तासांचा जादा सराव वेगवेगळ्या वेळी दिला. तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सर्वांत लागू पडला आणि सहा महिन्यांनंतर जवळजवळ नाही. म्हणजे खिडकी आहे. पण वीस तासांनी जे उशिरा झालं नाही ते नव्वद तासांनी झालेलं दिसतं, म्हणून मी खिडकीला दार बंद होण्याची खूण मानत नाही. वेळ गेली की मात्रा वाढवावी लागते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

याविरुद्धचा सर्वांत टोकदार पुरावा 'रॅटल्स' या ब्रिटिश चाचणीचा आहे. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ७७० रुग्ण होते. एका गटाला यंत्रमानवाच्या मदतीने, दुसऱ्याला तेवढाच वेळ थेरपिस्टकडून, असा बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा पाऊण तास सराव मिळाला. तिसऱ्याला नेहमीचा उपचार. ठरवलेल्या मुख्य निकषावर तिघांत अर्थपूर्ण फरक पडला नाही. मात्रेचा सिद्धांत इथे कोसळतो का? पाऊण तासाची छत्तीस सत्रं म्हणजे सत्तावीस तास, तेही तीन महिन्यांत विखुरलेले. 'एक्साइट'मधल्या रुग्णांनी दोन आठवड्यांत, दिवसभर मोज्यासह, याहून कितीतरी दाट काम केलं. थोडी वाढ पुरत नाही, असा धडा मी त्यातून घेतो. आणि यंत्र आणलं म्हणजे सराव झाला, ही समजूत मात्र त्या चाचणीने निकालात काढली. चालण्याबाबतही तेच: शरीराचा भार तोलणाऱ्या ट्रेडमिलची तुलना २०११च्या अमेरिकी चाचणीत थेरपिस्टने घरी येऊन करवून घेतलेल्या व्यायामाशी केली, तर वर्षभराने दोन्ही सारखेच ठरले. गोळ्यांची कथाही वेगळी नाही. फ्लुओक्सेटिनने हात सुधारतो असं ११८ रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत २०११मध्ये दिसलं; ३१२७ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत फायदा नाहीसा झाला आणि हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं.

दुसरा आक्षेप: मग पहिल्या दिवसापासूनच झपाट्याने का नाही? कारण तेही तपासलं गेलं आहे. २१०४ रुग्णांच्या 'अ‍ॅव्हर्ट' चाचणीत पहिल्या चोवीस तासांत वारंवार उठवून-चालवून पाहिलं, आणि तीन महिन्यांनी चांगल्या अवस्थेत असणाऱ्यांचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ४६वर घसरलं. औषधासारखीच सरावालाही वेळ आणि मात्रा असते, अतिरेक बाधतो. तिसरा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो: सगळे हात परत येत नाहीत. डच संशोधकांना २०१०मध्ये आढळलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत रुग्णाला बोटं थोडी उघडता आली आणि खांदा बाजूला उचलता आला, तर सहा महिन्यांनी हाताने काहीतरी काम होण्याची शक्यता ९८ टक्के असते; दोन्ही न जमल्यास २५. मेंदूपासून मज्जारज्जूकडे जाणारी वाटच तुटली असेल, तर नुसत्या सरावाने ती उभी राहत नाही. व्हेगस चेतेला हालचालीच्या नेमक्या क्षणी विद्युत टिचकी देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत २०२१मध्ये मान्यता मिळाली. १०८ रुग्णांत त्याने ६६ गुणांच्या मापावर ५ गुणांची वाढ दिली, नकली टिचकीने २.४. तिथेही प्रत्येक सत्रात रुग्ण शेकडो वेळा हात चालवत होता.

उरतो पैशाचा आक्षेप, आणि तो आपल्या घराशी येऊन थांबतो. नव्वद तास कोण देणार? भारताने यावर प्रामाणिक उत्तर शोधलं. लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन आणि सहकाऱ्यांनी १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांच्या 'अटेंड' चाचणीत नातलगांनाच शिकवून घरी व्यायाम करवून घ्यायला लावलं. २०१७मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के. हा निकाल कडू आहे, पण मोलाचा आहे. रुग्णालयातल्या थोड्या दिवसांत शिकवून थेरपिस्टचं काम सुनेवर, मुलावर सोपवता येत नाही, हे त्याने सांगितलं. घरच्यांचा दोष त्यात नाही. म्हणून तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्टचं पद भरलेलं असणं ही पक्षाघाताच्या उपचाराची चैन नव्हे, तो उपचारच आहे.

घराने करायचं ते वेगळं आहे. आपल्याकडे माया अशी असते की ताट पुढे आलं की घास भरवला जातो, सदऱ्याची बटणं लावून दिली जातात, पाण्याचा तांब्या चांगल्या हाताजवळ ठेवला जातो. टॉब यांच्या माकडाला जे धडपडून शिकावं लागलं, ते आपला रुग्ण लाडाने शिकतो. तेलाच्या मालिशीने अंगाला बरं वाटत असेल, पण त्यात हात हलवतो तो मालिश करणारा. मेंदूला रुग्णाने स्वतः केलेला प्रयत्न लागतो, अर्धवट का होईना. दुबळा हात धरून ओढून मात्र कुणी उठवू नये, खांदा कायमचा दुखावतो. आणि घरी सोडताना थेरपिस्टना एवढं जरूर विचारा: कोणती हालचाल, दिवसातून किती वेळा, आणि पुन्हा दाखवायला कधी यायचं. उत्तरात आकडा आला नाही, तर पुन्हा विचारा.