व्हाईस पक्का कसा बसवावा?

जालना सळयांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. मात्र जिल्ह्यातील ग्रील, फिटिंगची लहान दुकाने व्हाईसवर चालतात. तोच डळमळीत असेल तर कानस घसरते, हॅक्सॉचे पाते मोडते आणि बोटाला इजा होते.

पुष्कळ कारागीर व्हाईस लाकडी स्क्रूवर बसवतात. काम सुरू झाले की ते सैल होतात. त्याऐवजी दोन इंची फळीला आरपार छिद्रे पाडून नटबोल्ट लावावेत. खालून जाड लोखंडी पट्टी द्यावी, म्हणजे नट लाकडात रुतत नाही. असा तुकडा भंगारातही मिळतो. नटाखाली स्प्रिंग वायसर विसरू नये.

जागा टेबलाच्या पायावरच निवडावी. मधोमध बसवल्यास प्रत्येक ठोक्याला फळी थरथरते. मागचा स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर असावा, तरच लांब पाइप उभा धरता येतो. इथेच बहुतेकांची चूक होते. जबड्याची वरची कड कोपराच्या उंचीला यावी. बुटक्या कारागिराने पायाखाली फळी घ्यावी.

टेबल हलके असेल तर त्याचे पाय कोब्यात बोल्टने जखडावेत. लाकूड दबते, म्हणून आठवड्याने नट पुन्हा आवळावेत. दांड्याला पाइप घालून मात्र जोर लावू नये. बिडाचा व्हाईस तडकतो.