शेजाऱ्याने विचारावे असे जगणे

जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या बौद्ध लेण्यांमध्ये जे दानलेख आढळतात, त्यांपैकी तीन लेखांतील दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात, म्हणजे ते ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या समाजातील आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे खडकात खोदलेली टाकी, दिली. चिट याने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप करवून दिला. चंद याने लेण्याच्या दर्शनी भागाचे काम करविले. नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरील या नगरात राहिलेल्या त्या माणसांनी आपली श्रद्धा कोणत्या शब्दांत सांगितली असती, हे त्या त्रोटक लेखांवरून कळत नाही. मात्र तहानलेल्याला पाणी आणि भुकेल्याला बसून जेवण्याची जागा त्यांनी दिली, एवढे त्या दगडावरून आजही वाचता येते. ख्रिस्ती धर्मात ज्याला ‘साक्ष’ म्हणतात, त्या कल्पनेचा विचार जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या संदर्भात करायचा झाल्यास या लेखांपासून आरंभ करणे अनाठायी ठरू नये, कारण श्रद्धा ही प्रथम कृतीतून वाचली जाते, हे त्या कल्पनेचेही मर्म आहे.

‘साक्ष’ हा शब्द मराठी ख्रिस्ती मंडळींच्या (‘मंडळी’ म्हणजे एकत्र उपासना करणारा श्रद्धावंतांचा समुदाय) नित्याच्या बोलण्यातला आहे. उपासनेत एखादी व्यक्ती उभी राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सांगते, तेव्हा तिने साक्ष दिली असे म्हणतात. आणि एखाद्याचे वागणे बिघडले, तर त्याची साक्ष चांगली राहिली नाही, असेही म्हणतात. हा दुसरा प्रयोग अधिक बोलका आहे, कारण त्यात साक्ष ही तोंडाची नसून वर्तनाची मानली आहे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘मार्तुस’ हा न्यायालयातील साक्षीदाराचा वाचक असून, साक्षीदाराचे काम आपण पाहिले-अनुभवले तेवढेच सांगण्याचे असते; प्रतिपक्षाला निरुत्तर करणे हे वकिलाचे काम होय. पुढे श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांनाही हाच शब्द लागू झाला, तेव्हा बोलणे आणि जगणे यांतील उरलेसुरले अंतरही त्यातून नाहीसे झाले.

आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, विखुरलेल्या अल्पसंख्य ख्रिस्ती लोकांना उद्देशून लिहिलेल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात या बाबतीत एक सूचना आहे, जिच्याकडे उत्साही प्रचारकांचे पुरेसे लक्ष जात नाही. तुमच्या ठायी असलेल्या आशेचे कारण कोणी विचारले, तर उत्तर द्यायला सदैव तयार असा, परंतु ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असा त्या सूचनेचा आशय आहे. याचा अर्थ असा, की साक्ष हे उत्तर आहे, आणि उत्तरापूर्वी प्रश्न असावा लागतो. हा माणूस असा का वागतो, हा प्रश्न शेजाऱ्याच्या मनात त्याच्या आपल्या गरजेतून उठला पाहिजे. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या आवाजात दिल्याने ते ऐकले जात नाही, आणि ऐकले न जाण्याचा दोष तेव्हा ऐकणाऱ्यावर टाकता येत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात जतन झालेल्या डोंगरावरील प्रवचनात मात्र या विषयी एक पेच दिसतो. एके ठिकाणी येशू आपल्या शिष्यांना सांगतो, की तुमची सत्कर्मे लोकांना दिसू द्या. आणि थोड्याच अंतरावर तोच बजावतो, की लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, दान गुप्त ठेवा. या दोन वचनांचा मेळ असा घालता येतो, की कृती उजेडात असावी आणि कर्त्याने स्वतःवर उजेड पाडून घेऊ नये. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेच्या वर माणसे गाडली गेली, तेव्हा अनेक वाटांनी मदत तेथे पोहोचली. अशा प्रसंगी दुःखाने सुन्न झालेल्या माणसापुढे अन्नाच्या पाकिटाबरोबर धर्मपुस्तिका ठेवणे ही साक्ष ठरत नाही, कारण त्या क्षणी त्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य उरलेले नसते.

हा मुद्दा महाराष्ट्राच्या इतिहासात फार जुना आहे. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील संस्थेने नाशिक येथे १८३२ मध्ये काम सुरू केले आणि शतकाच्या मध्यापूर्वी जुन्नर येथेही आपले केंद्र उघडले. या मिशनऱ्यांमागे राज्यकर्त्यांची सावली होती, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी हिंदू धर्मावर केलेली टीका इतकी कठोर होती, की त्यांनी कळकळीने केलेले शिक्षणाचे कामही संशयाच्या चष्म्यातून पाहिले गेले. तो संशय निराधार नव्हता, हे आजच्या ख्रिस्ती वाचकानेही मोकळेपणाने मान्य करावे.

पुणे जिल्ह्यातीलच केडगाव येथे ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) जे उभे केले, त्यात या संशयाची आणि त्याला दिलेल्या उत्तराची सर्वांत बोलकी हकीकत सापडते. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले आणि पुढे पुण्यात आणलेले शारदासदन हे विधवा व निराधार स्त्रियांच्या शिक्षणासाठी होते आणि तेथे धर्माबाबत तटस्थता पाळली जाईल असे ठरले होते. परंतु रमाबाई उघड्या दाराने करीत असलेल्या प्रार्थनेला काही मुली येऊन बसू लागल्या, त्यावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडला. ज्या घरात आश्रय मिळतो, त्या घराच्या मालकिणीचा धर्म आश्रितेने खरोखर स्वतंत्रपणे निवडला असे म्हणता येईल काय, हा विरोधकांचा प्रश्न आजही वजनदार वाटतो. रमाबाईंच्या बाजूनेही तेवढेच ठामपणे म्हणता येते, की स्वतःच्या खोलीत दार लावून प्रार्थना करण्याची अट कोणत्याही श्रद्धावंत माणसाला मान्य होण्यासारखी नव्हती.

या वादाचा निकाल वादाने लागला नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने व अत्याचाराने गांजलेल्या शेकडो मुली-स्त्रियांना केडगावी घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील त्यांच्या ‘मुक्ती मिशन’ या आश्रमातील स्त्रियांची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. त्यांना केवळ खाऊ घालून भागले नाही, तर विणकाम, शेती, दूधदुभते, तेलघाणा असे उद्योग त्यांच्या हाती दिले गेले. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविली गेली. आणि ज्यांना घराने टाकून दिले होते त्या स्त्रिया छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. रमाबाईंची मते न पटणाऱ्या माणसालाही या कामापुढे आदराने थांबावे लागते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची वाट निराळी होती, आणि जुन्नर तालुक्याशी तिचा एक आतला धागा जुळतो. या तालुक्यातील ओतूर येथे तुकाराम महाराजांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी मानली जाते. आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, घेतल्यावर त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन यांचा त्याग केला नाही, उलट तेच आपल्या भक्तीचे वाहन केले. बोलण्यासारखे चालण्याचा आग्रह वारकरी परंपरेत मुरलेला असल्यामुळे या मातीतला माणूस उपदेशकाचे वागणे आधी पारखतो, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ नावाची, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांची बंधुता स्थापली. पगारासाठी बोलतो, असे म्हणण्याची सोय त्यांनी अशी काढून टाकली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी पतीमागून लगोलग धर्मांतर केले नाही. विरह, संताप आणि सोवळ्याओवळ्याशी झालेला दीर्घ झगडा यांतून त्या १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाला आल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ते सारे निर्मळपणे लिहून ठेवले.

स्वातंत्र्योत्तर काळातील उदाहरण शेजारच्या जिल्ह्यातले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये जामखेड या दुष्काळी भागात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाची पहिली गरज दवाखान्याची नसून पाण्याची आणि अन्नाची आहे, हे त्यांनी ऐकून घेतले. कूपनलिका शक्यतो दलित वस्तीत खोदल्या, त्यामुळे पाण्यासाठी सर्व जातींना तेथे यावे लागले. आणि गावातल्याच, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित अशा स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्या भागात दर हजार जन्मांमागे १७६ च्या आसपास असलेला बालमृत्युदर पंचवीस वर्षांत तिसाच्या खाली आला. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या श्रद्धेचे व्याख्यान ऐकावे लागेल अशी अट उपचाराला कधी नव्हती, आणि म्हणूनच हे लोक असे का करतात, हे विचारावेसे गावाला वाटले.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क अंतर्भूत नाही. जीवनाने दिलेल्या साक्षीला या मर्यादेचा जाच होण्याचे कारण नाही, कारण तिला कोणाकडून काही घ्यायचेच नसते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे जुन्नर-आंबेगावच्या गावांत बहुतेकांना ख्रिस्ती धर्माची ओळख होते ती ग्रंथातून नव्हे, तर बांधाला बांध लागलेल्या एखाद्या घरावरून. तो माणूस बांध कोरतो की राखतो, कालव्याच्या पाण्याची दुसऱ्याची पाळी चोरतो की सोडतो, टोमॅटोच्या क्रेटमध्ये वर एक आणि खाली एक असा माल भरतो काय, खुरपणीला आलेल्या बायांची मजुरी त्याच दिवशी देतो काय, डोंगरातून आलेल्या आदिवासी बाईचा हिरडा काट्यावर नीट तोलतो काय, यांवर त्याच्या उपासनेचे मोल गाव ठरविते. गावाची ही कसोटी कठोर असली तरी ती अन्यायाची नाही, आणि पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, रविवारच्या प्रवचनात तिला नेमाने स्थान द्यावे.

जुन्नर-आंबेगावच्या वाचकांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, ‘स्मृतिचित्रे’ एकदा वाचावे, आणि सवड काढून केडगावलाही जाऊन यावे. ते आपल्याच जिल्ह्यात, पुणे-सोलापूर लोहमार्गावर आहे, आणि रमाबाईंची संस्था तेथे आजही चालू आहे.