गुडघ्यातली वीज कुणासाठी?

चालताना वीज तयार करणाऱ्या कृत्रिम गुडघ्याची बातमी वाचून एका वाचकाने विचारलं आहे: ऑपरेशननंतर आईचा मोबाइल तिच्याच गुडघ्यावर चार्ज होईल का? होईल की! फक्त आईंना जरा जास्त चालावं लागेल. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात शेरी तौफिघियन यांच्या गटाने 2019 मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार साधारण माणसाच्या चालीतून 6 मायक्रोवॉट मिळतात. फोनची बॅटरी 15 वॉट-तासांची धरली, तर न झोपता, न थांबता सुमारे 285 वर्षं.

ही वीज फोनसाठी नाहीच मुळी. सांध्यावरचा भार मोजणाऱ्या सेन्सरचं भागतं 4.6 मायक्रोवॉटमध्ये. तत्त्व केसांवर घासलेल्या कंगव्याचंच. पाऊल टेकलं की दोन थर एकमेकांवर दाबले जातात, उचललं की सुटतात आणि दर खेपेला थोडा विद्युतभार इकडून तिकडे जातो.

पण भार मोजायचा कशाला? या बातम्यांत ज्यांचं नाव कधीच येत नाही, ते स्वीडनचे निल्स रिडेल यासाठी आठवावेत. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात त्यांनी ताणमापक बसवले, त्यांच्या तारा कातडीखाली ठेवून जखम शिवली आणि काही महिन्यांनी तारा बाहेर काढून यंत्राला जोडल्या. रुग्ण होते दोन. (ते याला तयार कसे झाले, याचं मला अजून नवल वाटतं.) हे काम 1966 मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर जिवंत माणसाच्या खुब्यावरचा भार कागदावरच्या गणितातच होता.

पुढे बर्लिनमध्ये गेऑर्ग बर्गमान यांनी तारा काढून टाकल्या. मांडीभोवती कॉइल धरायची, आतल्या सर्किटला बाहेरून वीज मिळते. एकदा मोजणी चालू असताना एक रुग्ण चुकून अडखळला आणि खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सातपटीहून जास्त भार नोंदला गेला! असं ठरवून कोण अडखळेल? आणि घरच्या जिन्यावर अडखळला असता, तर तिथे कॉइल कुठली?

अमेरिकेत 2021 मध्ये मंजुरी मिळालेला ‘पर्सोना आयक्यू’ गुडघा घरीही माहिती गोळा करतो, तोही आतल्या बॅटरीवर. पण तो पावलं, वेग, गुडघा किती वाकतो एवढंच सांगतो, भार नाही. चालीवर चालणाऱ्या सेन्सरला इथे खरी जागा आहे.

माझी शंका विजेबद्दल नाहीच. सांध्यांच्या चाचणीत वर्षाला 10 लाख पावलं धरतात, म्हणजे 15-20 वर्षांत हे थर दीड-दोन कोटी वेळा दाबले जाणार. झिजेचे कण हाडाशी पोचले की हाड विरघळू लागतं आणि सांधा सैल होतो, हे सर्जन मंडळी जुन्या प्लास्टिकच्या सांध्यांवरून पुरतं ओळखून आहेत. म्हणून थर बंदिस्त हवेत. आणि बंदिस्त असूनही अंगाचं वजन त्यांच्यावर पडलं पाहिजे, नाहीतर वीजच नाही. उलट, बॅटरी संपली तर फक्त सेन्सर गप्प होतो, सांधा आपला चालतच राहतो.