पहाटेची धाव आणि रस्त्यावरची दांडगाई

“रोज चाळीस मिनिटे चालणे.” गेल्या तीस वर्षांत ही ओळ मी किती रुग्णांच्या चिठ्ठीवर लिहिली असेल, त्याची मोजदाद नाही. शुगर असो, ब्लडप्रेशर असो की वाढलेले पोट असो, गोळ्यांची नावे संपली की खाली ही ओळ ठरलेली. परवा मात्र तिनेच मला अडचणीत आणले.

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच आमच्या इस्लापूरचे एक निवृत्त गुरुजी नातवाच्या खांद्याचा आधार घेत आत आले. उजवा हात छातीशी धरलेला, पायजम्याला माती, मनगट सुजून वाकडे झालेले. खुर्चीवर टेकत ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमीच म्हनले होते ना चाला म्हनून? घ्या, चाललो.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागले.

झाले होते ते असे. गुरुजी पहाटे पाचला किनवट रस्त्याने निघाले. अंधार होता. रस्त्याच्या डाव्या कडेने, म्हणजे वाहनांकडे पाठ करून ते चालले होते. मागून एक जीप भरधाव आली आणि अगदी त्यांच्या कानाशी तिने प्रेशर हॉर्न दाबला. गुरुजी दचकले, कडेच्या मुरमावर पाय घसरला आणि पडताना सगळा भार टेकलेल्या तळहातावर आला. जीपवाला थोडा थांबला, पण मदतीसाठी नव्हे. काच खाली करून “रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का रे म्हाताऱ्या?” एवढे बोलून तो निघून गेला. जीपचा धक्का त्यांना लागलाच नव्हता, त्यामुळे कागदोपत्री हा अपघातही नाही. मनगटाजवळचे हाड मात्र मोडले होते. हाताला पट्टी बांधून मी त्यांना किनवटला पाठवले.

ते गेल्यावर मी त्यांची जुनी चिठ्ठी पुन्हा पाहिली. चालायचे किती ते मी लिहिले होते. कुठे, कोणत्या वेळी, रस्त्याच्या कोणत्या बाजूने, याविषयी एक अक्षर नव्हते. वाचकहो, औषध लिहून ते जेवणाआधी घ्यायचे की नंतर हे न सांगण्यासारखेच हे झाले. ती उणीव आज भरून काढतो.

प्रथम शुगरच्या रुग्णांविषयी, कारण पहाटे फिरणाऱ्यांत त्यांचाच भरणा अधिक असतो. बरीच वर्षे शुगर असली की तळपायाची संवेदना कमी होते. डांबर कुठे संपले आणि मुरूम कुठे सुरू झाला हे निरोगी माणसाला पायालाच कळते, त्यांना ते डोळ्यांनी पाहावे लागते. आणि डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात झालेली असेल तर समोरच्या गाडीचा झोत पडताच काही क्षण सगळे पांढरे दिसू लागते. आंधळा पाय आणि दिपलेला डोळा, अशा अवस्थेत माणूस महामार्गाच्या कडेवर उभा असतो. अशा वेळी दिव्याकडे पाहू नये. नजर खाली, आपल्या बाजूच्या कडेवर ठेवावी आणि गाडी जाईपर्यंत उभे राहावे. उजाडल्यावर चालायला निघालात तरी शुगर तितकीच उतरते. पहाटे चारच्या हवेत काही वेगळे औषध असते, ही समजूत कशी रुजली कोण जाणे.

आता दुसऱ्या मंडळींकडे वळतो. त्यांची काळजी मला अधिक वाटते.

आमच्या भागात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, पहाटे रस्त्यावर पळणारी मुले कोण असतात हे सांगायला नको. पोलीस भरती आणि सैन्य भरती. शेती दोन-तीन एकर, घरात खाणारी तोंडे सहा, आणि मुलाच्या डोळ्यांसमोर एकच आकडा असतो, सोळाशे मीटर. पोलीस शिपाई भरतीत ही धाव पाच मिनिटे दहा सेकंदांत संपवली की वीसपैकी वीस गुण मिळतात. एकेका सेकंदावर नोकरी अडते. मग सरळ, गुळगुळीत आणि मैलाच्या दगडांनी मोजता येणारी जागा म्हणून मुले रस्ता गाठतात. दिवसा शेतात काम असते, म्हणून पहाट गाठतात.

१९ जानेवारी २०२५ रोजी बीडजवळच्या घोडका राजुरी येथे भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना पहाटे एसटी बसने चिरडले. तिघे गेले, सगळे विशीच्या आतबाहेरचे. त्याच वर्षी ७ ऑगस्टला गडचिरोली जिल्ह्यातील काटली येथे व्यायामासाठी आरमोरी रस्त्यावर आलेल्या सहा मुलांना ट्रकने उडवले. त्यातली चार दगावली. ही बातमी आली त्या दिवशी माझ्या दवाखान्यात अशाच एका भरतीवाल्या मुलाची आई गुडघेदुखीसाठी आली होती. तिने गुडघ्याचे काही विचारलेच नाही.

हे फक्त आपल्याच भागात घडते असे कोणी समजू नये. ‘पेंटियम’ या संगणकाच्या चिपच्या रचनेत ज्यांचा मोठा वाटा होता ते अवतार सैनी २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर सोबत्यांबरोबर सायकल चालवत होते. मागून आलेल्या टॅक्सीने त्यांना ठोकरले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. वय ६८. प्रकृती जपणारा माणूस होता.

या तिन्ही घटना पहाटेच्या आहेत, आणि मला वाटते यातच सारे मर्म आहे. आपण ज्याला दांडगट ड्रायव्हर म्हणतो, त्याला मी दवाखान्यात जवळून पाहतो. कंबरदुखी, मूळव्याध आणि पित्त या तीन तक्रारी घेऊन टिप्परवाले, जीपवाले, ट्रकवाले माझ्याकडे येतात. पैसे खेपेवर मिळतात. जितक्या खेपा तितकी कमाई. मोटार कामगाराला दिवसाला आठ तासांहून अधिक राबवू नये, असे १९६१ चा कायदा सांगत होता. हे मी एकाला सांगितले तेव्हा तो हसून हसून खोकायला लागला. शरीराचे घड्याळ तर कोणाचीच भीड ठेवत नाही. रात्री दोन ते सकाळी सहा या वेळात झोपेचा जोर सर्वांत जास्त असतो. डोळे उघडे असूनही मेंदू दोन-तीन सेकंद झोपून घेतो आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाची गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. म्हणजे ज्या घटकेला आमची मुले रस्त्यावर येतात, त्याच घटकेला चाकामागचा माणूस सर्वांत बेभरवशाचा असतो. हॉर्नवर हात ठेवून सुटणारा निदान जागा तरी असतो. जो हॉर्न वाजवत नाही त्याचे मला अधिक भय वाटते.

यात ड्रायव्हरची कड घेण्याचा हेतू नाही. धोकादायक वाहन चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे, आणि गुरुजींना शिवी देऊन निघून जाणाऱ्याला झोपेचा बहाणा चालणार नाही. पण तुमच्या अंगावर येणाऱ्या गाडीत खुनशी माणूस आहे की पेंगुळलेला, हे तुम्हाला त्या क्षणी कळत नाही. दोघांवर उपाय मात्र एकच असतो, बाजूला होणे.

हे मी शहाणपणाने सांगतो आहे असे वाटेल, म्हणून माझीही गोष्ट सांगून टाकतो. मी रविवारी सायकल चालवतो. दोन पावसाळ्यांपूर्वी सहस्रकुंडाच्या वाटेवर होतो. धबधबा पाहायला येणाऱ्यांची गर्दी पावसाळ्यात किती असते आणि त्यातले काही कोणत्या अवस्थेत असतात, हे पैनगंगेच्या काठच्या लोकांना ठाऊक आहे. एका गाडीने मला इतके घासून मागे टाकले की आरसा माझ्या कोपराला लागला. आत हशा पिकला. माझा तोल सुटला, सायकलचा नव्हे, डोक्याचा. जे बोललो ते या सदरात छापता येणार नाही. गाडी पुढे थांबली आणि तीन तरणेबांड उतरले. तेवढ्यात मागून ट्रॅक्टरवाला आला. “ओ, डॉक्टरसाहेब हायत ते आमचे,” म्हणून त्याने ट्रॅक्टर मध्ये घातला. म्हणून निभावले. घरी येऊन रक्तदाब मोजला तर १७८/१०४. एरवी माझा १३० च्या पुढे जात नाही. तासाभराने मोजला तरी १५० होता. राग आला की अंगात जी रसायने सुटतात, ती भांडण मिटले म्हणून लगेच ओसरत नाहीत. आधीच व्यायामाने धडधडणाऱ्या हृदयावर हा दुसरा बोजा पडतो. पन्नाशीपुढच्या माणसाला, त्यातही हृदयाचा त्रास असणाऱ्याला, तो महागात पडू शकतो. त्या तिघांचे ब्लडप्रेशर काय झाले असेल ते देव जाणे.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. कोणी कट मारला, शिवी दिली, की सायकलवरून उतरायचे, रस्त्याच्या बाहेर जायचे, पाण्याचे दोन घोट प्यायचे. हातवारे नाहीत, उलट उत्तर नाही. गाडीचा नंबर तेवढा पाहायचा. पूर्ण लक्षात राहत नसेल तर शेवटचे चार आकडे आणि रंग. गाडी परत फिरली तर जवळच्या हॉटेलाकडे, वस्तीकडे सरकायचे आणि ११२ लावायचे. यात कमीपणा वाटतो हे खरे. मलाही वाटतो.

चालणाऱ्याने आणि पळणाऱ्याने, फूटपाथ नसेल तिथे, रस्त्याच्या उजव्या कडेने जावे, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. गुरुजींच्या बाबतीत नेमके हेच चुकले, आणि ते त्यांना मी सांगायला हवे होते. सायकल मात्र वाहन आहे, ती डावीकडूनच. मुले चार-चार जण खांद्याला खांदा लावून गप्पा मारत पळतात, त्यांनी एकामागे एक पळावे. काळा टी-शर्ट आणि काळी ट्रॅक पँट ही हल्लीची फॅशन अंधारात जीवघेणी आहे. गाडीच्या खालच्या झोतात गडद कपड्यांतला माणूस ड्रायव्हरला अगदी जवळ आल्यावर दिसतो, आणि तोवर ब्रेक दाबूनही उपयोग नसतो. पांढरा सदरा त्याहून बऱ्याच लांबून दिसतो आणि चमकणारी पट्टी त्याहूनही लांबून. ती पट्टी सायकलच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते, पोटरीला बांधावी. हलता पाय लवकर नजरेत भरतो. कानात गाणी घालून पळणाऱ्यांना काय सांगावे? मागच्या गाडीची खबर देणारा कान हा एकच अवयव आहे, आणि तोच ते बुजवून घेतात. दंडबैठका, पाय ताणणे हे प्रकार डांबरावर बसून करू नयेत, हे सांगण्याची वेळ यावी याचेच नवल वाटते.

आणि काही घडलेच तर? रुग्णवाहिकेसाठी १०८. जखमीची मान वळवू नका, बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ फडके दाबून धरा आणि ते सारखे उचलून पाहू नका. इथून नांदेडचे मोठे रुग्णालय गाठायला दोन-अडीच तास मोडतात, म्हणून पहिली पंधरा मिनिटे गावकऱ्यांच्याच हातात असतात. पोलिसांचे झेंगट मागे लागेल म्हणून लोक कचरतात. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४ अ आले आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले असून आपले नाव सांगण्याचीही त्याला सक्ती नाही. वाहन ठोकरून पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसाला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. पुष्कळ घरे तो करतच नाहीत.

गेल्या आठवड्यात भरतीच्या मुलांना मी दवाखान्यात चहाला बोलावले. शाळेच्या मैदानावर टेप लावून दोनशे मीटरचा फेरा आखू, आठ फेऱ्यांत सोळाशे होतात, असे सुचवले. एकजण म्हणाला, “सर, गोल पळल्यावर टाइम येत नाही.” त्याचे अगदीच चूक नाही, वळणावर वेग मोडतो. पण भरतीची धाव बहुतेक ठिकाणी मैदानावरच, वळणे घेत होते. मग सराव सरळ रस्त्यावर कशासाठी? यावर थोडी कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच चुना आणून फेरा आखला.

गुरुजींचे प्लास्टर सुमारे सहा आठवड्यांनी निघेल. हात झोळीत बांधून तेही आता उजाडल्यावर त्याच मैदानावर येतात. मुलांनी त्यांच्या डाव्या हातात घड्याळ देऊन वेळ मोजायला बसवले होते. पण बसून शुगर उतरत नाही म्हणून मी त्यांना उठवले. दोघे-तिघे मुलगे अजून किनवट रस्त्यावरच पळतात. त्यांच्या घरी या आठवड्यात जाऊन येणार आहे.